सावलीसावलीने दोहा

मुंबईहून अमेरिकेला लेकीसुनांकडे निघालेल्या माणसांना दोहा माहीत असतं ते विमानतळ म्हणून. अर्धवट झोपेत उतरायचं, फोन चार्जिंगला लावायचा, पुढच्या विमानाचं गेट फलकावर झळकेपर्यंत अत्तरांच्या दुकानांतून रेंगाळायचं आणि पुन्हा आभाळात. खिडकीतून दिसणारं शहर उन्हाने इतकं पांढुरकं झालेलं असतं, की तिथे उतरून काही बघावं असं कुणाच्या मनात येत नाही. मला मात्र तिकीट स्वस्त मिळालं होतं, कारण दोन विमानांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंतचं अंतर होतं. महिना जुलैचा. एवढा वेळ गार हवेच्या काचघरात बसून काढायचा, तर त्यापेक्षा ऊन बरं, असं वाटलं.

बाहेर पडणं फार अवघड नाही. मोठं सामान मुंबईतच शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग केलेलं असतं, त्यामुळे खांद्यावर फक्त पिशवी. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी कतारच्या प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात, कधी हॉटेलच्या बुकिंगची अटही असते. म्हणून हा विषय दोह्यात उतरल्यावर नव्हे, तिकीट काढतानाच मिटवावा. ज्यांना स्वतः भटकायचं नाही त्यांच्यासाठी विमानतळावरून बसने शहर दाखवणाऱ्या सशुल्क सहलीही निघतात. वेळेचा हिशेब साधा आहे: बाहेर पडायला एक तास धरा, सुटायच्या वेळेच्या तीन तास आधी परत या. उरेल तो वेळ तुमचा. घड्याळ अडीच तास मागे करायला विसरू नका. एका रियालला चोवीस-पंचवीस रुपये पडतात, हेही डोक्यात असू द्या. नाहीतर पाण्याची बाटली घेतानासुद्धा छातीत धस्स होतं.

दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ धरली. वाळवंट म्हणजे कोरडी झळ, ही आपली समजूत राजस्थानच्या अनुभवावर बेतलेली. दोहा हे समुद्राकाठचं वाळवंट आहे. इराणच्या आखाताचं हे उथळ पाणी उन्हाळ्यात चांगलंच तापतं आणि सगळा दमटपणा किनाऱ्यावर सोडतं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं तापमान आणि त्यात मे महिन्यातल्या मुंबईचा घाम, असं ते मिश्रण असतं. २०१० च्या जुलैत इथे ५०.४ अंशांची नोंद झाली आहे. वर्षभरात पाऊस सरासरी ७५ मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी याहून जास्त पडतो. देशात नदी एकही नाही. नळाला येणारं पाणी समुद्राचं, खारेपणा काढून गोडं केलेलं.

अशा ठिकाणी माणसाने शहर का वसवावं आणि वसवलं तर सावली कुठून आणावी, हे दोन प्रश्न घेऊन हिंडलं तर दोहा बरंच काही दाखवतं. उंच इमारती मोजत हिंडलं तर दुबईची आठवण येत राहते.

विमानतळाच्या दारातूनच मेट्रो निघते. २०१९ मध्ये सुरू झालेली ही गाडी चालकाविना धावते. पहिल्या डब्यात पुढे उभं राहिलं की बोगदा थेट अंगावर येतो आणि लहान मुलांची तिथे उभं राहण्यावरून भांडणं चालतात. एका फेरीला दोन रियाल, दिवसभराच्या पासला सहा. दहा वर्षं खणलेले रस्ते सोसणाऱ्या पुणेकर माणसाने या गाडीत बसून फार तुलना करू नये, तब्येतीला चांगलं नसतं. एक लक्षात ठेवायचं: शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते, संग्रहालयंही दुपारनंतर उघडतात. लाल मार्गाने मशैरिबला उतरायचं, तिथे सोनेरी मार्ग पकडायचा. दोन स्थानकांनंतर 'नॅशनल म्यूझियम'. स्थानकाच्या दारापासून संग्रहालयापर्यंत चालायचं अंतर थोडंच आहे, पण ते सकाळी साडेनऊला एकदा चालून पाहावं. उष्णतेबद्दल बाकीचं सगळं वाचन त्यापुढे फिकं आहे.

कतारचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ च्या मार्चमध्ये खुलं झालं. वास्तुकार फ्रान्सचे जाँ नूव्हेल. क्षारयुक्त वाळूत जिप्समचे स्फटिक पाकळ्यांसारखे एकमेकांत घुसून वाढतात, त्याला वाळवंटातला गुलाब म्हणतात. त्या आकारावरून ही इमारत सुचली. प्रत्यक्षात पाहताना मला मात्र धुतलेल्या ताटल्या घाईघाईने एकमेकींवर तिरक्या टाकल्यासारखं वाटलं. अशा ५३९ प्रचंड तबकड्या, रंग वाळूचा, सरळ भिंत जवळपास नाहीच. दिखाऊपणा म्हणून हसण्याआधी जरा त्या तबकड्यांखाली उभं राहावं. प्रत्येकीची कड पुढे आलेली आहे आणि प्रत्येक कड खालच्या वाटेवर सावली धरते. मधोमध अंगणात शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जुना वाडा जपलेला आहे. तोच १९७५ पासून आधीचं राष्ट्रीय संग्रहालय होता. जुन्या वाड्याच्या ओसऱ्यांनीही हेच काम केलं आहे, फक्त कमी खर्चात.

आत साधारण दीड किलोमीटरची वाट आहे, खाली-वर होत जाणारी. वाकड्या भिंतींवर चित्रपट उमटत राहतात. त्यातला 'नफस' हा मीरा नायर यांनी केलेला. विषय मोत्यांचे पाणबुडे. मी तिथेच जास्त रेंगाळले, कारण तेल सापडण्यापूर्वी हा किनारा कशावर जगला याचं उत्तर त्यात आहे.

उत्तर आहे मोती. आणि मोत्यांचा मोठा हंगाम भर उन्हाळ्यात असे, जूनच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपणारा, कारण तेव्हाच खोल पाणी पुरेसं उबदार असे. चार महिने गावातले धडधाकट पुरुष समुद्रावर. पायाला दगड बांधायचा, नाकाला कासवाच्या कवचाचा चिमटा लावायचा, दोरीने तळाशी जायचं, दम असेपर्यंत शिंपले गळ्यातल्या जाळीत भरायचे आणि दोरीला हिसका द्यायचा. वरचा माणूस खेचून घेणार. दिवसभर हेच. डेकवर सावली नाही, पोटात खजूर आणि कॉफी. वर नाखुद्याची, म्हणजे बोटीच्या कप्तानाची, उचल डोक्यावर असे. हंगाम वाईट गेला की कर्ज पुढच्या वर्षावर आणि बाप मेला की मुलाच्या नावावर. बोटीवर गाणारा एक माणूस खास ठेवलेला असे. एवढ्या कामाला सूर लागल्याशिवाय ते होत नसावं.

हे मोती जात कुठे? मुंबईला. आपल्या आज्या ज्यांना 'बसऱ्याचे मोती' म्हणत ते बसऱ्यात पिकत नव्हते. ते बहरीन, कतार, कुवेत इथल्या समुद्रतळाशी पिकत. आखातातले व्यापारी ते मुंबईत आणत, तिथे प्रतवारी होई, भोकं पाडली जात, माळा ओवल्या जात आणि मग ते युरोपात किंवा संस्थानिकांच्या खजिन्यात जात. आपल्या नथीतल्या आणि तन्मण्यातल्या मोत्यांपैकी कितीतरी या किनाऱ्यावरचे असणार.

त्याच दालनात काचेमागे बडोद्याचा गालिचा आहे. इथे हे समोर येईल अशी माझी बिलकूल कल्पना नव्हती. तिथले महाराज खंडेराव गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास हा करवून घेतला. रेशीम आणि हरणाच्या कातड्याच्या पाठीवर लाखो मोती ओवून बसवलेले. संख्या पंधरा लाखांच्या घरातली सांगतात. मधे हिऱ्यांची फुलं, कडेने पाचू, माणकं, नीलम आणि रंगीत काचमणी. लांबी सुमारे अडीच मीटर, म्हणजे एका माणसाला झोपायला पुरेसा, पण त्याच्यावर कुणी झोपणार नव्हतं. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्याच्या इच्छेने तो घडवला, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. खंडेराव १८७० मध्ये वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला.

मराठी वाचकाला बडोदा म्हटलं की सयाजीराव आठवतात. सक्तीचं शिक्षण, ग्रंथालयं, आंबेडकरांची शिष्यवृत्ती. त्या सयाजीरावांना १८७५ मध्ये दत्तक घेतलं ते याच खंडेरावांच्या विधवा राणीने, जमनाबाईंनी. गायकवाड घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या दावडीचं. दावडीहून निघालेल्या एका घराण्याने आखाती मुसलमान पाणबुड्यांनी काढलेल्या मोत्यांचा गालिचा मदिनेसाठी विणून घ्यावा, हे आजच्या आपल्या वादविवादांच्या चौकटीत बसवायला गेलं तर कुठलाच कोपरा नीट बसत नाही. ते तसंच राहू द्यावं. पुढे बडोद्याच्याच महाराणी सीतादेवींबरोबर हा गालिचा मोनॅकोला गेला आणि २००९ मध्ये दोह्यातच झालेल्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. मोती असे दीडशे वर्षांनी आपल्या समुद्राकाठी परत आले, राजाच्या नावाची पाटी घेऊन. पाणबुड्यांची नावं अर्थातच कुठे नाहीत.

जपानने कल्चर्ड मोती बाजारात आणले, पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली आणि हा धंदा काही वर्षांतच बसला. दुखान इथे १९३९ च्या सुमारास तेल लागलं, पण महायुद्धामुळे विहिरी बंद करून ठेवाव्या लागल्या. पहिली निर्यात व्हायला १९४९ उजाडलं. मधली वर्षं उपासमारीची होती, कित्येक कुटुंबं देश सोडून गेली. आज माणशी उत्पन्नात जगात अगदी वर असलेल्या या देशाच्या ऐंशीतल्या आज्यांना भूक आठवत असेल, हे बाहेरच्या गाड्या बघून खरं वाटत नाही. आणखी एक गोष्ट इथल्या नाण्या-नोटांच्या कपाटात आहे. या देशात १९६६ पर्यंत रुपया चालत होता. १९५९ पासून तर आपली रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापत होती, कारण भारतीय नोटा इथे आणून त्यावर सोन्याची तस्करी चाले. १९६६ च्या जूनमध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, एका रात्रीत सगळ्यांच्या पेटीतला पैसा हलका झाला आणि कतारने रुपया सोडला.

दुपारी बारा ते चार हे तास दोह्यात उन्हाळ्यात हिशेबात धरायचेच नाहीत. जुना बाजार बंद होतो, रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा वेळी मशैरिबला जावं. जुन्या दोह्याचा हा मध्यवर्ती भाग पाडून नव्याने बांधला आहे. नव्याने बांधलेल्या गोष्टींबद्दल माझं मत सहसा चांगलं नसतं, पण इथे रस्ते मुद्दाम अरुंद ठेवलेत, त्यामुळे समोरासमोरच्या इमारती एकमेकींना सावली देतात. गाड्या जमिनीखाली उभ्या राहतात, छतांवर सौर पट्ट्या आहेत आणि फुकटची ट्राम फिरते. आखाती गल्ल्यांचं जुनं शहाणपण इथे वातानुकूलनाला जोडून दिलं आहे. गल्ली अरुंद, भिंत जाड, खिडकी लहान, आणि छतावर वारा खाली ओढणारा चौकोनी मनोरा. चारी बाजूंनी उघडा असल्यामुळे वारा कुठूनही आला तरी तो पकडतो आणि खालच्या खोलीत सोडतो. असा एक जुना मनोरा सूक वाकिफ या जुन्या बाजाराजवळ अजून उभा आहे.

मशैरिबमधल्या चार जुन्या घरांत छोटी संग्रहालयं आहेत. प्रवेश मोफत. त्यातलं बिन जलमूद यांचं घर चुकवू नये. हे घर गुलामांच्या व्यापाऱ्याचं होतं आणि आज तिथे गुलामगिरीचा इतिहास मांडलेला आहे: पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसं, मोत्यांच्या बोटींवर बुड्या मारणारे गुलाम, घरकामाच्या बायका. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १९५२ मध्ये. शेवटच्या खोल्यांत आजच्या काळातल्या वेठबिगारीचाही उल्लेख आहे. स्वतःच्या घरातला हा कोपरा इतका स्पष्ट दाखवणारी संग्रहालयं आपल्याकडे कमी आहेत, हे कबूल करायला हवं. शेजारचं 'कंपनी हाऊस' पहिल्या तेलकामगारांची हकीकत सांगतं. तेही पाहण्यासारखं, पण बिन जलमूदनंतर ते जरा सौम्य वाटतं.

तिथून बाहेर आल्यावर कामगारांकडे पाहण्याची नजर बदलते. सकाळी मी त्यांना समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावर पाहिलं होतं. खजुरीच्या झाडांना पाणी घालणारे, डोळे सोडून सगळा चेहरा कापडात गुंडाळलेले. दहानंतर ते दिसेनासे झाले. कायदाच तसा आहे: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायचं नाही. २०२१ पासून हे तास वाढवले आहेत. उष्णता आणि दमटपणा मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ वर गेला तर एरवीही काम थांबवायचं. त्याच वर्षी किमान वेतन आलं, महिना १,००० रियाल. मालकाने राहण्या-जेवण्याची सोय केली नाही तर वर आणखी ८००. इथल्या फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीत झालेल्या मृत्यूंवरून जगभर ओरड झाली नसती तर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही. आणि हे महिने पाहा: मोत्यांचा मोठा हंगाम ज्या दिवसांत असे, तेच हे दिवस. ज्या उन्हात पूर्वी देशाची सगळी कमाई होई, त्या उन्हात आता काम करणं बेकायदा आहे. मधल्या काळात उन्हात उभी राहणारी माणसं तेवढी बदलली. देशाच्या तीसेक लाख वस्तीत कतारी नागरिक थोडे; बाकीचे भारत, नेपाळ, बांगलादेश, फिलिपाइन्सचे. सात लाखांहून अधिक तर आपलेच.

चार वाजून गेल्यावर सूक वाकिफ जागं होऊ लागतं. खरी गर्दी मात्र सूर्य बुडाल्यावर. हा बाजार जुना आहे, पण आज दिसतो तो २००३ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेला. मातीचा गिलावा, छताला बाहेर डोकावणारी लाकडी टोकं. ही लाकडं पूर्वी पूर्व आफ्रिकेच्या खारफुटीतून येत आणि त्यांच्या लांबीवर खोलीची रुंदी ठरत असे, म्हणून आखाताच्या या बाजूच्या जुन्या खोल्या सगळ्या अरुंद. गल्ल्यांतून किरमिजी जाकिटातले म्हातारे हमाल एकचाकी गाड्या ढकलत फिरतात, तुमची खरेदी त्यात टाकायची आणि मागे चालायचं. वाळवलेली काळी लिंबं, केशर, ऊद, शेखांच्या अंगरख्यांना जर लावणारे शिंपी, पिंजऱ्यातले पोपट. पोपटांच्या बाजूने मी लवकर निघाले, ते उन्हात ठेवलेले होते.

बहिरी ससाण्यांचा बाजार मात्र थाटात. गार खोलीत, हिरव्या गवताच्या गादीवर, डोळ्यांवर कातडी टोपी घालून पक्षी बसलेले. शेजारी त्यांचं स्वतंत्र रुग्णालय. तुटलेलं पीस बदलून दुसरं जोडण्यापासून क्ष-किरणापर्यंत सगळं होतं. शिकारीचा मोसम हिवाळ्याचा, उन्हाळ्यात ते पिसं गाळत गारव्यात बसून राहतात. परदेशी जाताना ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. सकाळी माझ्या पासपोर्टकडे बराच वेळ निरखून पाहिलं गेलं होतं, त्यामुळे मला त्याचा थोडा हेवा वाटला.

अत्तराच्या एका दुकानात दोन मैत्रिणींसाठी ऊद विचारत होते. माझं हिंदी ऐकून दुकानातल्या माणसाने विचारलं, "ताई, महाराष्ट्रातल्या का?" दापोलीजवळचा. वडील कुवेतला होते, हा इथे. "जुलैत कुणी येतं का? डिसेंबरात या, वाळवंटात तंबू टाकतात लोक." मी म्हटलं, माझ्या हातात विमान होतं, महिना नव्हता. तो हसला आणि त्याने जी अत्तरं पुढे केली ती सगळी माझ्या ऐपतीच्या दोन पायऱ्या वर होती. शेवटी म्हणाला, "हे राहू द्या ताई, तिकडे कोपऱ्यावर करक घ्या, तीन रियालमध्ये बरं वाटेल." करक म्हणजे वेलची घालून, डब्यातलं घट्ट दूध ओतून उकळून उकळून केलेला चहा. देणारा मलप्पुरमचा मल्याळी, शेजारी पिणारा कतारी पोरगा महागड्या गाडीत बसून, इंजिन आणि एसी चालू ठेवून. गाडीतून उतरायचं नाही, ही इथली चहा पिण्याची पद्धत.

करक हातात घेऊन कॉर्निशवर गेले. सात किलोमीटरचा हा वळसा, या टोकाला लाकडी गलबतं, त्या टोकाला वेस्ट बेचे मनोरे. गलबतांचं सागवान मलबारातून येत असे. पाण्यात स्वतःच्या बेटावर आय. एम. पेई यांनी वयाच्या ऐंशीनंतर रचलेलं इस्लामी कलेचं संग्रहालय आहे, २००८ चं. त्याला वेळ उरला नाही. कुणाला एकच संग्रहालय जमणार असेल आणि वास्तूपेक्षा वस्तूंत रस असेल, तर त्यांनी हे निवडावं. मी बडोद्याच्या नादी लागले.

रात्री विमानतळावर परतले तेव्हा पायांचा निकाल लागला होता. आत आता काचेच्या छताखाली बाग केली आहे, तीनशेवर मोठी झाडं, हजारो रोपं, पाण्याचा झरा. दिवसभर शहरात एवढी दाट सावली कुठे मिळाली नव्हती. पलीकडे ते प्रसिद्ध पिवळं अस्वल, उर्स फिशर या स्विस कलाकाराचं, सात मीटर उंच, डोक्यात दिवा खुपसलेला, दिसायला मऊ पण ब्राँझचं. त्याच्यापुढे फोटोसाठी रांग होती. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ६८ लाख डॉलरला गेलं, म्हणजे खंडेरावांच्या गालिच्यापेक्षा तेरा लाख डॉलरने महाग.